वर्गात कोयत्याचा विषय काढायचा कसा? (आठवी-नववी, सोलापूर)

पूर्वभाग_मास्तर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागात एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला शिकवतो. शाळा कुठली ते सांगत नाही, कृपया कुणी अंदाज पण बांधू नका. स्टाफरूममध्ये हा विषय काढला की मधल्या सुट्टीपर्यंत अशोक चौकात पोचतो म्हणून इथं टाकतोय.

झालं असं, मागच्या महिन्यात नववीच्या एका पोरानं स्टेटस ठेवला. कुठल्यातरी भाईचा वाढदिवस, गाडीच्या सीटवर ओळीनं पाच केक आणि कापायला कोयता. आपला पोरगा कापत नव्हता, नुसता बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता पण अंगात शाळेचा शर्ट. स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी परिपाठ संपायच्या आत मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गांची दप्तरं रिकामी करायला लावली. सापडलं काय तर तीन मोबाईल, माव्याच्या पुड्या, पत्त्यांचा एक जोड आणि आठवीतल्या एका पोराकडं कात्री. पेपरात गुंडाळून वर सुतळी बांधलेली. झालं, 'हत्यार सापडलं'. पोराला ऑफिससमोर दोन तास उभं केलं, येणारा जाणारा बघतोय. संध्याकाळी आई आली, बोटं तंबाखूनं पिवळी झालेली, म्हणाली सर, विडीची पानं कापायची कात्री हाय माझी, शाळा सुटल्यावर धार लावून आण म्हणून मीच दिल्ती. पोरगा चार दिवस झाले शाळेत आला नाही.

आता मुख्याध्यापक म्हणतात मोठा कार्यक्रम घेऊ, पोलिसांना बोलवू, जप्त केलेली हत्यारं टेबलावर मांडू, प्रोजेक्टरवर मारामाऱ्यांचे व्हिडिओ लावू, पोरांना धडकी भरली पाहिजे. जबाबदारी अर्थात माझ्यावर. मी असला एक कार्यक्रम आधीच्या शाळेत बघितलाय. तलवारी, गुप्त्या, कोयते पांढऱ्या चादरीवर मांडलेले, साहेब चांगलं बोलले, पण भाषण संपल्यावर पोरांची टेबलाजवळ ही गर्दी. एक जण विचारतो 'सर हातात धरून एक फोटो काढू का', दुसरा विचारतो 'ही केवढ्याला मिळती'. धडकी मला भरली, पोरांना नाही.

तर प्रश्न असा की हत्यारं, गँग, भाईगिरी हा विषय पोरांसमोर काढायचा तर कसा, म्हणजे त्याची जाहिरात पण होऊ नये आणि जी पोरं आधीच घाबरलीत ती अजून घाबरू नयेत. की काढूच नये? कुणी खरंच वर्गात केलं असेल तर सांगा, नुसतं 'संस्कार कमी पडले' नको.

शेंगाचटणी

सर उगाच अवघड करालाव तुम्ही. आमच्या वेळी पीटीचे सर नुसते व्हरांड्यात आले तरी पोरं गप. दोन कानाखाली बसल्या असत्या तर स्टेटस बिटस काही झालं नसतं. आता पोरांना हात लावायचा नाही, मग भाई होणार नाहीतर काय होणार. पोलिसांना बोलवा आणि दाखवा सगळं, घाबरू देत की.

निवृत्त_बाई

शेंगाचटणी, तुमच्या त्या पीटी सरांना घाबरून गप बसलेली किती पोरं नंतर सुधारली आणि किती नुसती शाळा सोडून गेली, हे कधी मोजलंय का कुणी? मी 31 वर्षं शिकवलं, शेवटची काही वर्षं समुपदेशनाचं काम बघितलं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याच्या कलम 17 नं मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलंय, आणि दोन तास ऑफिससमोर उभं करणं हे दुसऱ्यात बसतं असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

मास्तर, तुमची शंका बरोबर आहे आणि ती नुसती शंका नाही, तपासून बघितलेली गोष्ट आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका तुरुंगात पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून त्यांना आरडाओरडा करून घाबरवायचा प्रयोग सुरू झाला. लोकांना एवढा आवडला की ठिकठिकाणी कॉपी झाली. नंतर संशोधकांनी असे नऊ प्रयोग एकत्र करून बघितले, ज्या पोरांना नेलं आणि ज्यांना नेलं नाही त्यांची तुलना केली, तर नेलेली पोरंच पुढं जास्त गुन्ह्यात सापडली. म्हणजे काही न करता घरी ठेवली असती तरी बरं झालं असतं. धडकी भरवणं मोठ्यांना बरं वाटतं, आपण काहीतरी केलं असं वाटतं, बस.

याचं कारण मला वर्गात दिसलंय ते सांगते. चाकू बाळगणारी बहुतेक पोरं गुंड नसतात, घाबरलेली असतात. 'सगळ्यांकडं असतंय, मग माझ्याकडं पण असावं' असा त्यांचा हिशोब. तुम्ही टेबलभर कोयते मांडले की त्या पोराच्या डोक्यात काय जातं? की गावात खरंच सगळ्यांकडं आहेत. म्हणून उलटं सांगायचं, आणि ते त्यांच्याच वर्गातनं काढून सांगायचं. मी नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्यायचे. 'तुझ्याकडं आहे का' असं कधीच विचारायचे नाही, विचारायचे 'भांडण झालं तर तुला काय करावंसं वाटतं'. चाळीसातल्या तीस-बत्तीस जणांनी 'तिथनं निघून जावंसं वाटतं' असंच लिहिलेलं असायचं. ते आकडे फळ्यावर मांडले की वर्गात एकदम शांतता, कारण प्रत्येकाला वाटत असतं घाबरट मी एकटाच आहे.

बाकी सांगायचं तर फोटो नको, व्हिडिओ नको, रक्त नको. आपल्या गल्लीतलं खरं प्रकरण तर अजिबात नको, त्या घरातलं कुणीतरी मागच्या बाकावर बसलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. एकदा माझ्याकडनं ही चूक झाली होती, एक मुलगी उठून बाहेर गेली ती परत वर्गात आलीच नाही त्या दिवशी. तेव्हापासनं मी गोष्ट बनवून घ्यायचे, नाव गाव सगळं खोटं, आणि पोरांना विचारायचे 'आता ह्यानं काय करावं'. पोरं स्वतःबद्दल बोलत नाहीत पण गोष्टीतल्या पोराला सल्ले भरपूर देतात, त्यातनंच सगळं कळतं. पाचशे पोरांचा मेळावा नको, एक वर्ग एका वेळी, आणि शेवटचा तास नको, कारण काही बोलायचं असलेलं पोर घंटा झाली की तसंच घरी जातं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मोकळेपणानं सांगून टाका, की मी सगळं गुपित ठेवीन असं वचन देत नाही, कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर मला सांगावं लागेल, पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. वचन देऊन मोडलंत तर पुन्हा कुणी तोंड उघडत नाही.

वकीलबाई

मी बाल न्याय मंडळापुढं कामं चालवते म्हणून कायद्याचं तेवढं लिहिते.

पोरांना जे अर्धवट माहीत असतं ते असं की '18 च्या आत काही होत नाही'. हे त्यांना भाईनंच सांगितलेलं असतं, कारण त्याला पोराच्या हातानं काम करून घ्यायचं असतं. बाल न्याय कायदा 2015 चा, 15 जानेवारी 2016 पासून लागू. ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे असा गंभीर गुन्हा 16 ते 18 वयाच्या मुलानं केला तर मंडळ प्राथमिक तपासणी करतं आणि खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. हे सांगा. पण त्याच कायद्यात कलम 83 आहे ते त्याहून महत्त्वाचं, मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. मी शाळेत गेले की हेच जास्त वेळ सांगते. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, तोपर्यंत त्यांना वाटत असतं भाई आपल्याला 'जवळचा' मानतो म्हणून सामान ठेवायला देतो.

दुसरं, मूल सापडलं म्हणजे सगळं संपलं असंही बिंबवू नका. 18 च्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात टाकता येत नाही. गुन्हा फार गंभीर नसेल आणि सोबत मोठं माणूस नसेल तर एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडं जातो. कायद्याचा सगळा रोखच पोराला परत आणण्यावर आहे. एकदा अडकलो आता माघार नाही, असं वाटलेलं पोर सगळ्यात धोकादायक, आणि भाईला तेच हवं असतं.

पोलिसांना बोलवा की, जरूर बोलवा, पण टेबल आणि चादर नको. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, कमीत कमी सहायक फौजदार दर्जाचा. त्यांना विचारा, वर्गात साध्या वेशात या म्हणा, मुलांशी वागताना शक्यतो गणवेश नको हे नियमातच आहे. माझा अनुभव, टेबलामागं उभं राहून भाषण देणारे साहेब आणि बाकावर बसून 'मी पण तुमच्यासारखाच म्युन्सिपाल्टीच्या शाळेत होतो' म्हणणारे हवालदार यात पोरं दुसऱ्याशी बोलतात.

कात्रीबद्दल. शस्त्र नियमांमध्ये 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रात येतात, पण घरकाम, शेती, कारखान्यासाठी बनवलेली अवजारं त्यातनं वगळलीत. विडीची कात्री हे शस्त्र नाही, ते त्या बाईचं पोट आहे. (कोयता पण ऊस तोडायचंच अवजार, पण तो घेऊन चौकात नाचलात की प्रकरण वेगळं होतं, जमावबंदीचा आदेश असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 37 आणि 135 लागतं.) आणि मास्तर, ही इंचाची मापं वर्गात सांगू नका हं, नाहीतर पोरं पट्टी घेऊन साडेआठ इंचाचा शोधत बसतील.

एक तो स्क्रीनशॉट. कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलाची ओळख उघड करायला कलम 74 नं बंदी आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उद्या चौकशी सुरू झाली तर पालकांच्या ग्रुपवर फोटो फिरवणारे काका-मामा स्वतःच अडकतील. आजच डिलीट करायला सांगा.

तालमीतला

सर मी काही शिकलेला नाही जास्त, बारावी नापास, आता एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे. पण ह्या विषयात मी विद्यार्थी बी होतो म्हणून लिहालालोय.

नववीत असताना माझ्या दप्तरात चाकू असायचा. साधा, भाजीचा, आईच्या किचनमधला. का ठेवला तर ट्यूशनहून येताना एका बोळात पाच सहा पोरं उभी राहायची, 'काय बे, कुणाचा तू' विचारायची. कुणाचा म्हणजे कुठल्या ग्रुपचा. मी कुणाचाच नव्हतो, हेच चुकलं. सहा महिने ठेवला, एकदा बी काढला नाही, पण सांगतो सर, तो दप्तरात आल्यापासनं मी जास्त भांडायला लागलो. आधी मान खाली घालून जायचो, नंतर बघायला लागलो त्यांच्याकडं. एक दिवस बघाबघीवरनं झालंच. हात दप्तरात गेलता. तेवढ्यात समोरच्या पानटपरीवाल्या अण्णानं हाक मारली 'ए, बाबाला बोलावू का तुझ्या', आणि मी पळालो. एवढंच. अण्णा नसता तर मी आज हे टाईप करत नसतो.

नंतर चुलत्यानं तालमीत घातलं, लेझीम आणि लाठीकाठी. वस्ताद पहिले तीन महिने लाठीला हातच लावू दिला नाही, नुसतं तालीम झाडायची, माती खालवर करायची. दांडपट्टा खेळायचा पण खेळून झाला की वस्ताद मोजून घ्यायचे आणि पेटीला कुलूप. एकानं मिरवणूक झाल्यावर पट्टा घेऊन रील काढली तर त्याला वर्षभर बाहेर काढलं, वस्तादांचा सख्खा भाचा होता तो.

हे का सांगतोय, तर तुमची पोरं विचारणार बघा, 'सर शिवजयंतीच्या मिरवणुकीत तलवार चालती मग स्टेटसला काय झालं'. तेव्हा गडबडून 'गप बस' म्हणू नका. खरा प्रश्न हाय तो. माझं उत्तर एवढंच की तालमीतली तलवार कुणाच्या ताब्यात हाय ते सगळ्या गल्लीला माहीत असतंय.

आणि अजून एक, पोरांना एक खोटी समजूत असती की अमुक ठिकाणी मारलं तर माणूस मरत नाही, नुसता धडा शिकतो. हे तेवढं खोडून काढा सर. माझ्या ओळखीत एक जण ह्याच समजुतीवर आत गेला.

निवृत्त_बाई

तालमीतला, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मास्तर, ह्या समजुतीवर बोलताना फक्त इतकं सांगा की शरीरात 'सेफ' अशी जागा कुठंच नाही. कुठली नस कुठून जाते याचा विज्ञानाचा तास त्या दिवशी घेऊ नका. त्यापेक्षा कुणी जखमी दिसला तर काय करायचं ते शिकवा. 108 ला फोन, स्वच्छ कापड घेऊन जखमेवर घट्ट दाबून धरायचं, आत काही रुतलं असेल तर ते उपसायचं नाही. हे पोरं एकमेकांवर रुमाल दाबून मन लावून करतात. मारणारा आणि मार खाणारा सोडून तिसरा पण कुणी होता येतं, हे त्यांना पहिल्यांदा सुचतं.

कडकभाकरी

मी पालक, मुलगी नववीत. एक विचारते, ह्या सगळ्या चर्चेत मुलींचं नावच नाही. माझ्या मुलीला वर्गातल्या एकानं सांगितलं होतं 'हे तुझ्या दप्तरात ठेव, मुलींचं तपासत नाहीत'. काय होतं ते तिनं बघितलं पण नाही, नाही म्हणाली आणि घरी येऊन रडली, कारण आता तो ग्रुप तिला वाईट म्हणणार. तिला 'नाही' म्हणायचं कसं ते कुणी शिकवलंच नव्हतं, आम्ही पण नाही. 'आई रोज दप्तर बघते' असं सांग म्हणून मी शिकवलं, म्हणजे दोष माझ्यावर. चाललं ते. पण शाळेत सांगायला गेले तर म्हणाले लेखी द्या, नाव लिहा. मी नाही दिलं. गल्लीत राहायचंय आम्हाला.

वकीलबाई

ताई, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) प्रत्येक शाळेत असायला हवी, बदलापूरच्या घटनेनंतर 2024 मध्ये शासनानं ते पुन्हा बजावलंय. पेटीत नाव न लिहिता टाकता येतं. आणि मुलांसाठी 1098 आहे, चोवीस तास, फुकट. मूल स्वतः फोन करू शकतं. मास्तर, हा नंबर फळ्यावर लिहून पुसून टाकू नका, मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. व्हरांड्यात लावला तर वहीत उतरवून घेताना चार जण बघतात.

निवृत्त_बाई

एक सोलापूरचंच सांगते आणि थांबते. ह्याच गावात सेटलमेंट होती. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, कुंपणात ठेवल्या, हजेरी घेतली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. पण मी 1990 नंतर सुद्धा शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय, चोरी झाली की 'त्या वस्तीतली पोरं आधी बघा'. दप्तरं तपासताना कुणाची दोनदा तपासली गेली हे मास्तर तुम्ही मनाशी एकदा आठवून बघा.

पूर्वभाग_मास्तर

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. बाईंनी शेवटी विचारलं त्याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते इथं लिहायची लाज वाटते.

मुख्याध्यापकांशी बोललो. टेबल-चादर रद्द करायला ते तयार नव्हते, पण वकीलबाईंचा तो कलम 74 चा परिच्छेद वाचून दाखवल्यावर जरा नरमले (स्वतः पण तो स्क्रीनशॉट पुढं पाठवला होता त्यांनी). कार्यक्रम पुढं ढकलला, मला नववीवर दोन तास दिले.

काल पहिला तास घेतला. बनवलेली गोष्ट सांगितली, एका पोराला वाढदिवसाला बोलावलंय, केक कोयत्यानं कापणार आहेत, जावं की नाही. तो स्टेटसवाला खिडकीजवळ बसून पेनाचं टोपण चावत होता, मी त्याच्याकडं मुद्दाम बघितलं नाही. पाच मिनिटं सगळे टिंगल करत होते, 'जायचं की सर, केक फुकट'. मग मागनं एक जण म्हणाला, जायचं पण फोटोत यायचं नाही. दुसरा म्हणाला, न गेलं तर उद्या ट्यूशनहून कोण येईल सोबत. तिथनं तास खरा सुरू झाला. अर्धा वेळ नुसतं ह्याच्यावर गेला की न जाता पण वाकडं न येता कसं निभवायचं. आजी आजारी, पाहुणे आलेत, अक्कलकोटला जायचंय, चाळीस बहाणे निघाले, फळा भरला. शेवटी तो खिडकीवाला हळूच म्हणाला, 'सर, जाऊन परत येता येतंय का पण?' मी म्हणालो येतं. कसं ते मला त्या क्षणी नीट सांगता आलं नाही, दुसऱ्या तासाला त्यावरच बोलायचं ठरवलंय. वकीलबाई, तुमच्या ओळखीचे ते बाकावर बसणारे हवालदार येतील का? निरोप टाकतो तुम्हाला.

चिठ्ठ्यांमध्ये 43 पैकी 34 जणांनी निघून जावंसं वाटतं लिहिलं. एका चिठ्ठीवर वेगळंच होतं, 'भाऊच सांगतो ठेव म्हणून, मग नाही कसं म्हणू'. अक्षर मी ओळखलं. आधी तिच्याशीच बोलणार आहे, आमच्या बाईंना सोबत घेऊन.

आणि कात्रीवाला. काल संध्याकाळी त्याच्या घरी गेलतो, विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात. आई सूप मांडीवर घेऊन बसली होती, शेजारणीकडनं मागून आणलेल्या कात्रीनं पानं कापत होती, म्हणाली ही बोथट हाय सर, हजार व्हायला रात्र होती. तिची कात्री अजून मुख्याध्यापकांच्या कपाटात, पाकिटावर त्या पोराचं नाव आणि 'जप्त' लिहिलेलं. आज चावी मागून घेतली. येताना धार लावून घेतो आणि देऊन येतो.